रजिस्टरात एक रकाना वाढवा

नाशिकच्या सातपूर, अंबड, गोंदे, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या डिस्पॅच, स्टोअर व सिक्युरिटी खात्यांना खुले पत्र

साहेब, मॅडम,

नमस्कार. हे पत्र मी कॅबिनमध्ये बसून लिहितोय. स्टिअरिंगवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आडवा टाकला की कामचलाऊ टेबल होतं. समोर तुमच्यापैकीच एकाचं गेट आहे. कोणाचं ते लिहीत नाही, कारण पुढच्या महिन्यात परत इथेच यायचंय. आणि खरं सांगायचं तर गेट बदललं तरी गोष्ट तीच राहते. माझ्यापुढे सहा गाड्या आहेत. मी परवा रात्री 9:40 ला रांगेत लागलो. आता दुपारचे दोन वाजत आलेत.

माल चेन्नईकडून आणलाय, मोटारींचे सुटे भाग. साधारण चौदाशे किलोमीटर. ई-वे बिलाच्या, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाच्या, मुदतीचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार: 200 किलोमीटरला एक दिवस. म्हणजे बिलाप्रमाणे माझ्याकडे सात दिवस होते. पण निघाल्यापासून तुमचा दर तीन तासांनी फोन. ‘कुठवर आलास?’ ‘लाइन थांबेल रे आमची.’ ‘आज रात्री लागतोय ना?’ हुबळीला भूक मारली, चाकणच्या जाममध्ये अडीच तास गेले ते रात्री झोपेतून कापले, आणि चौथ्या रात्री गाडी आणून उभी केली. तीन दिवस वाचवले. त्यातले पावणेदोन आत्तापर्यंत तुमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून गेले. गेटवर आल्यापासून फोन एकही नाही.

तुमच्यावर चिडून लिहितोय असं समजू नका. चिडायचा मला फारसा अधिकारही नाही. मी चार वर्षं अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून डिस्पॅचला होतो. गेटवरून फोन यायचा, ‘गाडी लागलीय’. मी म्हणायचो, ‘लागू दे. थांबव बाहेर.’ फोन ठेवला की ती गाडी माझ्या डोक्यातून गेलेली असायची. गाडी म्हणजे लोखंड. उभी राहिली तर तिचं काय बिघडतं? आत माणूस आहे हे कळत नव्हतं असं नाही. त्याचा विचार करायची वेळ कधी आली नाही, एवढंच. ‘ए ड्रायव्हर, लाव तिकडे’ हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो, आणि त्यातले निम्मे ड्रायव्हर माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

मग ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने आमच्यातले थोडे ठेवले, बाकीच्यांना घरी बसवलं. माझ्याकडे हलक्या वाहनाचं लायसन होतं, गावचा एक जण गाडीवर होता, त्याच्या ओळखीने अकरा महिने क्लीनर म्हणून फिरलो आणि जड वाहनाचं लायसन काढलं. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आमचे उस्ताद चौथी शिकलेले. लायसनसाठी आठवी पासची अट 2019 मध्ये सरकारने काढून टाकली तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, ‘तीस वर्षं चालवल्यावर आता मला चालवता येतं असं दिल्लीला पटलं.’ त्यांनी मला क्लच-गिअरच्या आधी टायर ऐकायला शिकवलं. हो, ऐकायला. जोडटायरमधला आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेक टायर ठोकायचा. हवा पूर्ण असेल तर ठण्ण वाजतो, कमी असेल तर उशीवर मारल्यासारखा आवाज येतो. बारा टायर, रोज पहाटे, तोंड धुण्याआधी.

ड्रायव्हर म्हणून आता नऊ महिने झाले. पहिले दोन महिने मी कामटवाड्यातली भाड्याची खोली ठेवली होती. त्या दोन महिन्यांत तिथे पाच रात्री झोपलो. भाडं द्यायला गेलो तर मालकीणकाकू म्हणाल्या, ‘अरे, मी भाडं तुझ्या बॅगेचं घेते का?’ खोली सोडली. ट्रंक गावाला आईकडे नेऊन ठेवली. आधारवर गावचा पत्ता आहे, बँकेत अजून कामटवाड्याचा, आणि राहतो मी सीटमागच्या फळीवर.

ती फळी कशी असते ते सांगतो, कारण मी डिस्पॅचला असताना चार वर्षांत एकदाही कॅबिनमध्ये डोकावलो नव्हतो. सहा फूट लांब, दोन-सव्वादोन फूट रुंद. मी पाच फूट नऊ, त्यामुळे बरा बसतो. कूस मात्र उठून बदलावी लागते. उशाशी बिल्ट्यांची, म्हणजे मालाच्या पावत्यांची, फाईल, पायाशी कपड्यांची पिशवी. वर सप्तशृंगीचा फोटो, त्याच्याखाली चार्जरवर चालणारा हातभर पंखा. दिवसा पडदा बांधून ठेवायचा, रात्री काचेवर ओढायचा, म्हणजे समोरून येणाऱ्याचा डिप्पर डोळ्यांत जात नाही. आरशाच्या दांड्यापासून दरवाजाच्या मुठीपर्यंत दोरी. तिच्यावर टॉवेल आणि चड्डी-बनियन वाळतात. गाडी चालू असताना लवकर वाळतात, हा या घराचा एक फायदा.

स्वयंपाकघर बाहेर, डाव्या अंगाच्या पेटीत. पाच किलोचा सिलिंडर, तीन लिटरचा कुकर, एक तवा, मिठा-तिखटाच्या बरण्या, आईने दिलेला शेंगदाण्याचा ठेचा. त्याच पेटीत जॅक, टॉमी, पाने आणि ग्रीसचा डबा, त्यामुळे पोळीला कधीकधी ग्रीसचा वास लागतो. पोटात गेल्यावर कळत नाही. शेगडी मांडायची गाडीच्या सावलीत. सावली सरकते तशी शेगडी सरकवायची. खिचडीच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एकदा तरी उठून बसायची जागा बदलावी लागते. पाणी वीस लिटरच्या जारमध्ये. प्यायला किती, भांड्यांना किती, सकाळच्या डब्याला किती, ही वाटणी पहिल्या आठवड्यातच पाठ होते.

थंडीचं सांगतो. जानेवारीत द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावला एका गेटबाहेर दोन रात्री काढल्या. निफाडचा पारा पेपरात वाचायचो तेव्हा मजा वाटायची, बातमीसोबत शेकोटीचा फोटो असतो. पत्र्याच्या कॅबिनमध्ये तो पारा वेगळा लागतो. पहाटे काचेला आतून दव येतं आणि फळीवर ठिबकतं. उन्हाळ्याची तर गोष्टच नको. इंजिन सीटखाली, ते बंद केल्यावरही दोन तास भट्टीसारखं तापलेलं असतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या कॅबिनला एसी सक्तीचा झालाय. माझी गाडी 2017 ची आहे. तिच्या आयुष्यात एसी येणार नाही, आणि आला तरी रांगेत उभं राहून इंजिन चालू ठेवायचं तर त्या डिझेलचा हिशोब गाडीचे मालक, आमचे शेठ, माझ्याकडे मागतील. अ‍ॅव्हरेज माझ्या नावावर लागतं.

झोपेचं म्हणाल तर अर्धा कान टाकीवर असतो. डिझेल काढणारे दहा मिनिटांत पाइप टाकून मोकळे होतात. उस्तादांनी सांगितलंय, रात्री गाडी एकटी सोडायची नाही, अगदी शंभर पावलंही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याचं.

मी एक वही ठेवतो. सवय डिस्पॅचची, तारीख, ठिकाण, वेळ लिहिल्याशिवाय हात गप्प बसत नाही. जानेवारीच्या 31 रात्रींपैकी 29 गाडीत काढल्या. त्यातल्या 11 रात्री कुणाच्या ना कुणाच्या गेटबाहेर. रस्त्यावर नाही, ढाब्यावर नाही, पंपावर नाही. भरायला किंवा खाली करायला आलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून. म्हणजे महिन्यातला तिसरा हिस्सा मी तुमच्या दारात राहतो. तुमच्या कँटीनच्या फोडणीवरून मला वाजलेले कळतात. तुमच्या पहिल्या पाळीचा भोंगा हे माझं घड्याळ. मोठ्या पिंपळाखालच्या कुत्रीला गेल्या खेपेला तीन पिल्लं झालेली, त्यातलं पांढरं आता दिसत नाही. एवढा मी तुमचा शेजारी आहे.

पण तुमच्या रजिस्टरात मी नाही. गेटवरचं रजिस्टर मी चार वर्षं बघितलंय, त्याचे रकाने डोळे मिटून सांगतो: अनुक्रमांक, तारीख, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, लायसन, पार्टी, माल, आत वेळ, बाहेर वेळ, सही. ‘आत वेळ’ पडली की माझा जन्म. त्याच्या आधीचे चाळीस तास कुठेच नाहीत. महिन्याच्या शेवटी तुमच्या मीटिंगमध्ये कागद जातो तेव्हा त्यावर लिहिलेलं असतं की गाडी सरासरी तीन तासांत खाली होते. खोटं नाही ते. आम्हीही असाच कागद बनवायचो आणि साहेब खूश व्हायचे.

ह्या एका नसलेल्या रकान्याची किंमत कुणाच्या खिशातून जाते ते बघा. मला महिन्याला थोडा पगार, बाकी ट्रिपवर भत्ता. ट्रिप चार दिवसांत झाली काय, सात दिवसांत झाली काय, भत्ता तेवढाच. उभ्या दिवशी कमाई शून्य आणि खुराकी चालू. शेठ हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, मागतात. तुम्ही म्हणता, दाखवा पुरावा. पुरावा म्हणजे रजिस्टर, आणि रजिस्टर म्हणतं गाडी आजच आली. शेठ गप्प बसतात, कारण पुढचं भाडं तुमच्याकडूनच मिळायचंय. शेठ गप्प, मग मी कोणाशी बोलू? ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ असं आमचे ट्रान्सपोर्टवाले इतकी वर्षं ओरडतायत. हमालीवरून निदान भांडण तरी होतं. ज्याच्या गेटवर मुक्काम, त्याच्याकडे मुक्कामाचा हिशोब, असं म्हणायला अजून कुणी उठलेलं नाही.

रात्री गाडी सोडायची नाही हे वाक्य लक्षात ठेवा म्हणालो होतो. गेल्या पावसाळ्यात सिन्नरच्या बाजूला एका मोठ्या कारखान्याबाहेर होतो. दुसरा दिवस. संध्याकाळी हातगाडीवरून काहीतरी खाल्लं आणि रात्री अकराच्या सुमाराला पोट बिघडलं. पाऊस असा की वायपर नसता तर समोरचं गेटही दिसलं नसतं. मी उतरून वॉचमनकडे गेलो. साठीचे काका, ठेकेदाराचे, बारा तासांची ड्युटी. टोपीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. म्हटलं, ‘काका, संडासला जायचंय.’ ते म्हणाले, ‘आत सोडायची ऑर्डर नाही रे बाबा. सीसीटीव्ही आहे.’ त्यांनी खोटं सांगितलं नाही की दुष्टपणाही केला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

मला तो संडास दिसत होता, साहेब. गेटच्या आत तीस पावलांवर, स्क्रॅपच्या शेडला लागून, बाहेर एक पिवळा दिवा. ठेकेदाराच्या माणसांसाठी असतो तसा. मी स्वतः चार वर्षं तसाच वापरलेला. दरवाजाची कडी कशी असेल, नळ कुठल्या बाजूला असेल, सगळं माहीत. आणि मी बाहेर, हातात पाण्याची बाटली, डोक्यावर ताडपत्रीचा तुकडा. पेट्रोल पंप दीड किलोमीटर. गाडीत तुमचाच माल, अठरा लाखांचा, बिलावर आकडा होता. गाडी सोडून गेलो आणि काही झालं तर माझं अख्खं वर्ष गेलं. न जावं तर... त्या रात्री मी तीन वेळा तुमच्या भिंतीमागच्या नाल्यापाशी गेलो. दुसऱ्या वेळी पाय घसरून गुडघ्याएवढ्या पाण्यात बसलो. तिसऱ्या वेळी काकांनी छत्री आणून दिली. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

सकाळी तुमच्यातले एक साहेब मोटारीतून उतरले आणि नाल्याकडे बघून म्हणाले, ‘हे ड्रायव्हर लोक घाण करून ठेवतात.’ खरंच होतं ते. मीच केली होती.

कायदा काय म्हणतो तेही बघून ठेवलं मी. कारखान्यांच्या कायद्यात संडास-मुतारी तुमच्या कामगारांसाठी लिहिलेली होती. मी तुमचा कामगार नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात माझा विचार होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी, आणि जिथे रात्रीचा मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली. वाचताना बरं वाटलं. आता हे दोन्ही कायदे नव्या कामगार संहितेत गेलेत. पण खोली द्यायची कोणी? मालकाने. आमच्या शेठकडे सात गाड्या. त्यांनी चेन्नईला एक, इंदूरला एक, सिन्नरला एक अशा खोल्या बांधायच्या? मी त्यांना हे वाचून दाखवलं. ते हसून म्हणाले, ‘आधी माझ्या घराला प्लास्टर होऊ दे.’ कायदा मला शेठच्या दारात शोधतो आणि मी असतो तुमच्या दारात. आमची गाठच पडत नाही.

कुणी म्हणेल, आडगावला ट्रक टर्मिनस आहे की, तिथे थांबा. थांबतो ना, रिकामा असलो की थांबतो. पण सिन्नरच्या गेटला सकाळी नंबर लागायचा तर आडगावला झोपून भागत नाही. नंबर गाडीचा लागतो. टोकन नाही, फोन नाही. जो भिंतीला चिकटला त्याचा नंबर. म्हणून सगळे चिकटतात. मग तुमच्याच कामगारांची बस वळत नाही, मग ट्रॅफिकवाले येतात आणि चलन माझ्या गाडीवर फाटतं.

आता दुसरी बाजू, कारण मी ती बघितलेली आहे. ड्रायव्हर आत घेतले तर चोऱ्या होतात, दारू पिऊन येतात, संडास तुंबवतात, पानाच्या पिचकाऱ्या मारतात. होतं असं. आमच्या डिस्पॅचमधून एकदा तांब्याच्या वायरीचं बंडल गेलं होतं आणि सगळ्यांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं होतं. (ते पुढे कुठे सापडलं ते सांगत नाही, तो माणूस अजून तिथे कामाला आहे.) संडास तुंबतात हेही खरं, पण दोन संडास आणि चाळीस गाड्या असतील तर देवळातलेही तुंबतील. आणि दारूचं म्हणाल तर दोन रात्री भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाला गुत्त्याची वाट लवकर सापडते. बचाव करत नाही. पण तीन तासांत खाली होऊन जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर प्यायला थांबलेला मी अजून बघितला नाही.

आणि हे करता येतं. मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तर लिहायला बसलो. कोईमतूरला एक सूतगिरणी आहे, फार मोठी नाही. गेटच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, पत्र्याची शेड. दोन संडास, एक न्हाणीघर, हातभर उंचीचा कट्टा, नळ. बोर्डावर तमिळ, इंग्रजी आणि हिंदीत ‘ड्रायव्हर’. गेलो तेव्हा वॉचमनने वहीत माझा नंबर लिहिला, घड्याळ बघून वेळ लिहिली आणि बोटांनी दाखवलं, तुझ्यापुढे चार, संध्याकाळी सहा. मला तमिळ येत नाही, त्याला हिंदी येत नव्हती, पण सहा बोटं कुठल्याही भाषेत सहाच. मी जाऊन अंघोळ केली, कपडे धुतले, डाळभात टाकला, चार तास झोपलो. सव्वासहाला गाडी आत.

त्या न्हाणीघरातली एक गोष्ट मी विसरत नाही. आत, हाताला लागेल अशा उंचीवर, भिंतीत खुंटी होती. साधी, लाकडी. तुम्हाला वाटेल, त्यात काय? पंपावर, ढाब्यावर, टोलनाक्यावर कितीतरी ठिकाणी मी अंघोळ केलीय. कोरडे कपडे टांगायला जागा जवळजवळ कुठेच नसते. कपडे दाराच्या वरच्या कडेला टाकायचे, ते ओल्या फरशीवर पडतात, आणि तेच घालून दिवसभर बसायचं. ती खुंटी ज्याने ठोकली त्याने एक मिनिट तरी विचार केला असणार की इथे एक माणूस उघडा उभा राहणार आहे आणि त्याच्या हातात शर्ट असणार आहे.

जाता जाता अजून एक. 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हर थांबले होते ते आठवत असेल. नव्या कायद्यातल्या अपघाताच्या कलमावरून, दहा वर्षांच्या शिक्षेवरून. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर निघाले नाहीत आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या. मी तेव्हा डिस्पॅचला होतो. दोन तास मोटरसायकल घेऊन रांगेत उभा राहिलो आणि ड्रायव्हरांना शिव्या घातल्या. दोन तासांत माझा जीव मेटाकुटीला आला होता. 2027 ला सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत जड गाड्या शहराबाहेर अडवणार हे उघड आहे, त्यात चूक काही नाही. पण अडवलेल्या गाड्या सुटल्या की सगळ्या एकदम कुठे येऊन उभ्या राहणार? तुमच्याच भिंतीला. भाविकांसाठी वेशीवर तळ, नळ, संडास उभे राहतील. रामाच्या गावात येणाऱ्याची सोय व्हायलाच हवी. तुमच्या भिंतीपाशी तेव्हा काय असेल, ते आत्ता ठरवता येईल.

खोली मागत नाही, एसी मागत नाही. संडास तुमच्याकडे आहे, नळ तुमच्याकडे आहे. रात्री त्यांची वाट उघडी ठेवायची ऑर्डर वॉचमन काकांना लेखी द्या, म्हणजे सीसीटीव्हीची भीती त्यांना राहणार नाही. आणि रजिस्टरात ‘आत वेळ’च्या आधी एक रकाना आखा: ‘रांगेत लागल्याची वेळ’. बाकी काही करू नका हवं तर. तो रकाना सहा महिने भरू द्या आणि मग महिन्याच्या मीटिंगमध्ये तो कागद ठेवा. मला डिस्पॅचचा अनुभव आहे. आकडा एकदा कागदावर आला की साहेब लोक स्वतःहून टोकन द्यायला लागतात, वेळ कळवायला लागतात, दुसऱ्या पाळीत माणूस वाढवतात. जे कागदावर नाही त्याच्यासाठी कुणी खुर्चीतून उठत नाही. मीही उठलो नव्हतो.

पुढची गाडी हलली. आता पाच राहिल्या. पुठ्ठा काढून गाडी पुढे घेतो.

आपला,
बारा टायरवरचा एक नवा ड्रायव्हर
मुक्काम: सध्या तुमच्या गेटबाहेर

ता. क. मी आत गेलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. रजिस्टरात तेच लिहिलं गेलं, आजची तारीख, आत वेळ 7:10. सही करायला पेन हातात आलं तेव्हा मी नावाच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं, ‘रांगेत: परवा रात्री 9:40 पासून’. वॉचमन काकांनी चष्मा वर करून वाचलं. काही बोलले नाहीत. खोडलंही नाही.